प्रोग्रामिंगची कोणती भाषा शिकू? कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

कुडाळात मी संगणकाचा छोटा क्लास चालवतो. वर्षातून दोनदा माझा फोन तापतो: बारावीचा निकाल लागला की, आणि गणपतीत. आरती झाल्यावर मुंबईहून आलेला काका पुतण्याला सांगतो, "पायथन शीक, बाकी सगळं जुनं झालं." पुण्याचा आतेभाऊ सांगतो, "जावाशिवाय नोकरी नाही." दुसऱ्या दिवशी तोच पुतण्या मला मेसेज करतो. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून ही यादी. प्रश्न आले तसेच ठेवलेत, शुद्धलेखन तेवढं सुधारलंय.

१. सर, सगळ्यात चांगली प्रोग्रामिंग भाषा कोणती?

मालवणात जाऊन "सगळ्यात चांगलं जाळं कोणतं?" असं विचारून बघा. रापणीला मोकळा किनारा आणि ओढायला माणसं लागतात. पाग एकटा माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून टाकतो. खडकात दोन्ही फाटतील, तिथे गळच टाकायचा.

भाषांचंही तसंच. ब्राउझरमधल्या पानाला हलतं-बोलतं करायचं तर जावास्क्रिप्ट. आकडेवारी, संशोधन, मशीन लर्निंग (आकड्यांवरून यंत्राला शिकवणं) यात पायथन. बँका, विमा कंपन्या आणि मोठ्या कचेऱ्यांच्या प्रणालींत जावा आणि सी शार्प. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आणि छोट्या चिपवर चालणारं काम सी. मोठे गेम सी++ मध्ये. "चांगली" कशासाठी, ते आधी सांगा. पहिली भाषा निवडायची असेल तर थेट प्रश्न ५ वर जा.

२. बरं, चांगली राहू दे. सगळ्यात लोकप्रिय कोणती?

इथे खरी गंमत आहे. २०२५ साली तीन नावाजलेल्या याद्यांत तीन वेगळ्या भाषा पहिल्या होत्या. टिओबी निर्देशांकात पायथन, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या सर्वेक्षणात जावास्क्रिप्ट, आणि गिटहब या कोड साठवायच्या साइटवर ऑगस्टपासून टाइपस्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टचीच जरा कडक शिस्तीची बहीण. कोणीच खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली होती.

टिओबी हे बघते, की शोधयंत्रांवर त्या भाषेच्या प्रोग्रामिंगबद्दल किती पानं सापडतात. म्हणजे चर्चा किती, ते. त्या यादीत वीस वर्षं जावा आणि सी यांच्यात खो-खो चालला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथनने पहिल्यांदा तो मोडला. स्टॅक ओव्हरफ्लो लोकांनाच विचारतं, "यंदा काय वापरलंत?" एका माणसाला कितीही भाषांवर खूण करता येते. वेबचं काम करणाऱ्याला जावास्क्रिप्ट टाळता येतच नाही, त्यामुळे ती वर राहते. २०२४ मध्ये १०० पैकी ६२ जणांनी तिच्यावर खूण केली होती. गिटहब बघतं ते तिथे साठवलेल्या कोडवर प्रत्यक्ष काम करणारे हात. पण बँकेच्या बंद दारामागचा कोड त्यांच्या नजरेला पडत नाही. पीवायपीएल नावाची आणखी एक यादी आहे. ती गूगलवर भाषेचे धडे किती शोधले जातात ते मोजते, म्हणजे शिकाऊ लोकांची गर्दी. मुरलेला माणूस धडे शोधत नाही, तो त्या यादीत दिसतच नाही.

आंब्याचंच बघा. पेपरात नाव हापूसचं, पण मे महिन्यात आपल्या घरी टोपलीत असतो तो बहुतेक रायवळच. चर्चा मोजा, विक्री मोजा, नाहीतर घरात खाल्लेला मोजा, आकडे तीन येणार. कोणी लोकप्रियतेची यादी पुढे केली की एवढंच विचारा: यांनी मोजलं काय?

३. रस्ट "सर्वांत आवडती भाषा" आहे असं वाचलं. मग तिच्या नोकऱ्या का दिसत नाहीत?

कारण आवडणं आणि वापरणं ही दोन वेगळी मोजमापं आहेत. २०२४ च्या स्टॅक ओव्हरफ्लो सर्वेक्षणात रस्ट वापरलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के लोकांना ती पुढेही वापरायची होती. पण ती मुळात वापरली होती एकूण १३ टक्क्यांच्या आसपास लोकांनी. तेही बहुतेक आपणहून तिच्याकडे गेलेले. जावा मात्र अनेकांच्या गळ्यात कंपनीने बांधलेली असते, तिथे प्रेमाचा प्रश्न कमी. रस्ट काय चीज आहे ते प्रश्न ९ मध्ये.

४. जावा आणि जावास्क्रिप्ट एकच का?

नाही. दोन्ही १९९५ च्या, एवढंच साम्य धरा. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये दहा दिवसांत उभी केली. तिचं नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट होतं. त्या वेळी जावाचा बोलबाला होता म्हणून तिच्या नावाची झूल पांघरली. आंबा आणि अंबाडी यांच्यात असतं तितकंच नातं. बायोडेटात एकीच्या जागी दुसरी लिहिलीत तर मुलाखत तिथेच संपते.

५. मुलगी बारावी सायन्स झाली. पहिली भाषा कोणती शिकवू?

काही कळत नसेल तर पायथन. मी ती पहिली देतो याचं कारण लोकप्रियता नाही. पहिल्याच दिवशी मूल स्वतःचं काहीतरी चालवून दाखवतं, हे आहे. सीमध्ये तोच आनंद मिळायला आठवडा जातो, आणि तोवर अर्धा वर्ग गळतो. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथनच आहे. गेट या इंजिनिअरिंगनंतरच्या प्रवेश परीक्षेत डेटा सायन्स आणि एआयच्या पेपरलाही तीच लागते.

अपवाद दोन. मुलीला चित्रं, डिझाइन, वेबपानं यांचीच हौस असेल तर जावास्क्रिप्टने सुरुवात करा, रोज डोळ्यांना काहीतरी दिसतं. आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी असेल तर सुट्टीत सीच बघून ठेवा, गेटच्या कॉम्प्युटर सायन्सलाही ती लागते.

पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेला अर्थ असतो. नोट्सच्या पीडीएफमधून कोड चिकटवला की ती जागा विस्कटते, अवतरणचिन्हंही वाकडी येतात. "सर, तुमचाच प्रोग्राम चालत नाही" या तक्रारींपैकी निम्म्या इथल्या. हाताने टाइप करायला लावा.

६. माका गणित जमणा नाय, मगे प्रोग्रामिंग जमात काय?

जमात. वेबसाइट, अॅप, दुकानाचा हिशोब यांना बेरीज-वजाबाकी आणि "असं असेल तर तसं" एवढी तर्कशक्ती पुरते. मशीन लर्निंग किंवा गेमचं ग्राफिक्स करायचं तर मॅट्रिक्स आणि संभाव्यता लागणारच, मग पायथन घ्या की सी++. गणित कामाला लागतं, भाषेला नाही.

७. आमच्या कॉलेजात टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर शिकवतात. ते चुकीचं आहे का?

चुकीचं म्हणण्यापेक्षा शिळं. टर्बो सी++ ही बोरलँड कंपनीची, १९९० ची, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यातली. सी++ चं पहिलं प्रमाणीकरण १९९८ चं. म्हणजे त्या निळ्या पडद्याला प्रमाण भाषा ठाऊकच नाही. आजच्या विंडोजवर ती डॉसबॉक्स या डॉसचं सोंग आणणाऱ्या प्रोग्रामच्या कुबड्या घेऊन चालते.

याचा तोटा मुलांना नंतर कळतो. "व्हॉइड मेन" लिहायची सवय लागते, ती आजचा कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, नाकारतो. पडदा पुसायचं "सीएलआरएससीआर" लिहिल्याशिवाय हात पुढे जात नाही, आणि ते प्रमाण सी++ मध्ये नाहीच. सगळ्यात वाईट म्हणजे तिथे पूर्णांक १६ बिटांचा आहे, ३२७६७ च्या वर जात नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने बागेतल्या आंब्यांची मोजणी लिहिली होती. ४०,००० आंबे झाले आणि पडद्यावर आलं उणे २५,५३६. पोराने रात्रभर स्वतःची चूक शोधली. चूक त्याची नव्हतीच.

परीक्षेपुरतं पेपरात हवं तसं लिहा, मार्क घ्या. घरी जीसीसी हा कंपायलर बसवा, फुकट आहे. दोन्हीतला फरक वहीच्या शेवटच्या पानावर टिपत जा. आणि एक गंमत: २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये नुसतं "व्हॉइड मेन" लिहिलेला छोटा प्रोग्राम कायदेशीर झालाय. आमच्या पिढीचं पाप जावाने धुतलं म्हणायचं.

८. पायथन हळू आहे म्हणतात. मग एवढी चालते कशी?

हळू आहे, हे खरं. नुसती गोल गोल फिरणारी आकडेमोड दिली तर सीच्या तुलनेत कित्येक पट वेळ घेते, दहापट-पन्नासपटही. २०२२ च्या ३.११ आवृत्तीत वेग सरासरी पाव हिश्शाने वाढला, तरी सीची बरोबरी नाही.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. बहुतेक प्रोग्राम मोजत नसतात, वाट बघत असतात: नेटची, डेटाबेसची, माणसाच्या बोटाची. गुहागरहून दापोलीला निघालात, गाडी कितीही जोरात मारलीत, तरी धोपाव्याला फेरीबोटीसाठी थांबायचंच. तिथे मारुती आणि मर्सिडीज एकाच रांगेत.

दुसरं, पायथनमधलं जड काम पायथन करतच नाही. नमपाय या लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या संचाच्या, पोटात सी आहे, आणि मॅट्रिक्सच्या गणिताला तिच्यासारख्या लायब्रऱ्या अजून फोरट्रान या जुन्या भाषेच्या परंपरेतल्या कोडवर टेकतात. पायथन मुकादम आहे, घाम दुसरेच गाळतात. म्हणून "पायथन की सी" या भांडणात बऱ्याचदा उत्तर "दोन्ही" असतं.

प्रोसेसरचे अनेक कोअर एकाच वेळी राबवायचे असतील तर पायथनचं जीआयएल नावाचं कुलूप आड येतं. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये ते काढलेली प्रायोगिक आवृत्ती आली. तोवर गो (गूगलची भाषा) किंवा जावावाले या मुद्द्यावर आपल्याला चिडवत होते, आणि त्यांचं बरोबर होतं.

९. सी आता जुनी झाली ना? १९७२ ची आहे.

समुद्रही जुना आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा सीमध्ये आहे, स्वतः पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर, म्हणजे पायथनचा कोड वाचून चालवणारा प्रोग्राम, सीमध्ये आहे. सी शिकलात की मेमरी म्हणजे काय, पत्ता म्हणजे काय, हे हाताला कळतं.

तिची खोड एकच पण महागडी: मेमरीची सगळी जबाबदारी तुमच्यावर. दहा खणांच्या कपाटात अकरावी वस्तू ठेवलीत तर ती अडवत नाही, शेजारच्याच्या कपाटात ठेवून देते. मायक्रोसॉफ्ट आणि क्रोम या दोघांनीही आपल्या गंभीर सुरक्षा-दोषांची मोजदाद केली, तेव्हा सुमारे ७० टक्के याच जातीचे निघाले. रस्टचा जन्म या दुखण्यातून. तिची १.० आवृत्ती २०१५ ची. ती अशा बऱ्याच चुका कंपाइल होतानाच पकडते, अकराव्या वस्तूसारखी चूक प्रोग्राम चालताना अडवते, आणि वेग सीच्या जवळपास ठेवते. डिसेंबर २०२२ पासून लिनक्सच्या गाभ्यातही तिला जागा मिळाली. मात्र तिचा कंपायलर खडूस सासूसारखा आहे, पहिले दोन महिने घरात शांतता नसते. पहिली भाषा म्हणून मी देत नाही.

१०. नोकरी मुंबई-पुण्यात करायची आहे. जावा की पायथन?

मोठ्या सेवा कंपन्यांत नवीन मुलांना घेऊन जावाच्या प्रकल्पावर बसवण्याची चाल जुनी आहे, कारण त्यांच्या ग्राहक बँकांचा कारभारच जावात आहे. डेटाच्या जागा पायथनच्या, पण तिथे नुसती भाषा पुरत नाही, संख्याशास्त्रही विचारतात. प्रश्न २ मधल्या जागतिक याद्या इथे बाजूला ठेवा. नोकरीच्या साइटवर "पुणे, ० ते १ वर्ष अनुभव" असं लावून दोन्हींच्या जाहिराती तुम्ही स्वतः मोजा. गोव्याच्याही मोजा, सिंधुदुर्गातून ते जवळ पडतं आणि आपण विसरतो.

आणि कोणतीही घेतलीत तरी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, सोडू नका. ती पूर्ण प्रोग्रामिंग भाषा धरायची की नाही यावर वाद घालणाऱ्यांना घालू दे. १९७० च्या दशकातली आहे आणि मुलाखतीत अजून तिच्यावरच मुलं अडकतात.

११. पीएचपी मेली ना? आमचं तारकर्लीला न्याहारी-निवास आहे, साइट करायचीय.

दर वर्षी तिचं श्राद्ध घालतात आणि दर वर्षी ती जेवायला येते. सर्व्हरवरची भाषा ओळखता येते अशा साइट्सपैकी ७० टक्क्यांहून जास्त ठिकाणी पीएचपीच सापडते, कारण वर्डप्रेस हे साइट बनवायचं तयार साधन तिच्यात आहे. तुमच्या कामाला वर्डप्रेस पुरे. साधं होस्टिंग (साइट ठेवायला भाड्याची जागा) स्वस्तात मिळतं, आणि खोल्यांचे फोटो तुमची वहिनीही बदलू शकेल. एखादा नवशिका "आधुनिक" सांगाडा उभारून देतो म्हणाला तर एवढंच विचारा, की तो पुण्याला गेल्यावर दर कोण बदलणार. प्रोग्रामर म्हणून करिअर करायला मी पीएचपी पहिली सुचवणार नाही, पण गावातली कामं मिळवायला ती उपयोगी आहे.

१२. मोबाइल अॅप बनवायचं तर?

फक्त अँड्रॉइड: कोटलिन. गूगलने तिला २०१७ मध्ये मान्यता दिली आणि २०१९ पासून पहिला मान तिचाच. आयफोन: स्विफ्ट, आणि त्याला मॅक लागतो, इलाज नाही. दोन्हीकडे एकच कोड हवा तर फ्लटर, म्हणजे डार्ट भाषा. अँड्रॉइड स्टुडिओ ८ जीबी रॅमच्या खाली लॅपटॉपला घाम फोडतो. तुमचा ४ जीबीचा असेल तर आधी पुढचा प्रश्न वाचा.

१३. लॅपटॉप जुना आहे, पावसात लाईट जाते, रेंज घराच्या मागच्या माळावर येते. कोणती भाषा?

याद्या करणाऱ्यांनी हा निकष कधी लावला नाही, पण आपल्याकडे तो पहिला. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत किती दिवस अंधार होता, ते तिथल्या मुलांना विचारा.

पायथनचं इन्स्टॉलर ३० एमबीच्या आसपास, जुन्या यंत्रावरही चालतं, आणि विंडोजवर संपूर्ण मॅन्युअल सोबत येतं. नेट नसताना वाचता येतं. रस्टही आपली सगळी पुस्तकं सोबत देते. जावास्क्रिप्ट शिकायला ब्राउझर आणि नोटपॅड एवढं पुरे. पण आजच्या पद्धतीचा जावास्क्रिप्ट प्रकल्प उघडलात की "नोड मोड्यूल्स" नावाचा फोल्डर शेकडो एमबी उतरवायला बसतो. माळावर उभं राहून ते होत नाही. कोणाकडे वायफाय असेल तिथे एकदाच उतरवून घ्या.

लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स हे अॅप टाका, त्यात पायथनही चालते आणि सीचा कंपायलरही. बोटं दुखतात, पण माझ्याकडच्या एका मुलीने पूर्ण पहिलं वर्ष असंच काढलं.

१४. आंब्याच्या पट्टीचा (दलालाच्या विक्री-पावतीचा) हिशोब लिहिला. बेरीज पैशांनी चुकते. भाषा बदलू का?

बदलून उपयोग नाही. ०.१ + ०.२ हे पायथन, जावा, जावास्क्रिप्ट कुठेही नेहमीच्या दशांशात लिहा, उत्तर ०.३०००००००००००००००४ असंच येतं. यंत्र अपूर्णांक द्विमानात ठेवतं, आणि त्यात ०.१ पुरता मावत नाही. पैसे नेहमी पैशांतच ठेवा: ४१२ रुपये ३५ पैसे म्हणजे ४१२३५, पूर्णांक. छापताना शंभराने भागा. नाहीतर पायथनमध्ये डेसिमल, जावात बिगडेसिमल वापरा.

भाषेगणिक फरक पडतो तो पुढे. ७ भागिले २ हे सी आणि जावात पूर्णांकांसाठी ३, पायथन ३ आणि जावास्क्रिप्टमध्ये ३.५. म्हणजे ६५ आंब्यांचे डझन काढताना एकीकडे ५ आणि दुसरीकडे ५.४१६६… येणार. २.५ जवळच्या पूर्णांकात करायला सांगा: जावास्क्रिप्ट ३ म्हणते, पायथन २. पायथन अर्ध्यावरचा आकडा सम संख्येकडे झुकवते. हमाली आणि कमिशन कापून आलेली रक्कम अशी गोल केलीत तर दलालाच्या पट्टीशी एखाद्या रुपयाचा फरक पडतो, आणि मग भांडण माणसांत लागतं.

१५. मराठी मजकुराला कोणती भाषा बरी?

"कोकण" या शब्दाची लांबी विचारा. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट म्हणतात ४, कारण त्या काना-मात्रा वेगळी मोजतात. गो आणि रस्ट सरळ विचारलं तर १२ म्हणतात, त्या बाइट, म्हणजे साठवणीचे कप्पे, मोजतात. आपल्यासारखी ३ अक्षरं मोजते ती स्विफ्ट. नाव वीस अक्षरांत बसवायचा फॉर्म करताना हे आडवं येतं.

देवनागरी आकडे: "१२" हा मजकूर पायथन आणि जावा निमूट संख्या म्हणून वाचतात, जावास्क्रिप्टला तो आकडा वाटतच नाही. तलाठ्याच्या उताऱ्यावरून टाइप केलेल्या याद्यांत याने मला एकदा पूर्ण दुपार खाल्ली.

आणि क्रमवारी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरक्रमांकांच्या यादीत, ळ हा ल च्या लगेच नंतर बसलाय, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. क्ष आणि ज्ञ यांना तर स्वतःची जागाच नाही, ते क आणि ज च्या घरात. गावांची यादी नुसती "सॉर्ट" केलीत तर कोणत्याही भाषेत ती मास्तरांच्या मते चुकीची येईल. भाषेचे क्रम-नियम वेगळे सांगावे लागतात. जावास्क्रिप्टमध्ये ती सोय अंगचीच आहे.

१६. मग प्रोग्रामच मराठीत लिहिता येतो का?

अर्धामुर्धा. पायथन ३ आणि जावात चलाचं (व्हेरिएबलचं) नाव "आंबे" किंवा "भाडं" चालतं. इंग्रजी राहतात ते राखीव शब्द, पायथनमध्ये ते ३५ आहेत. मात्र कोडमध्ये थेट देवनागरी १२ लिहिलात तर चूक दाखवते. प्रश्न १५ मधली सवलत फक्त मजकुरातून वाचताना. वर्गात मी पहिले पंधरा दिवस मराठी नावं वापरू देतो. पुढे इंग्रजी, कारण कोड उद्या चेन्नईच्या माणसाने वाचायचा असतो.

१७. एआय कोड लिहून देतं. आता भाषा शिकायची कशाला?

मी त्याला प्रश्न १४ मधला पट्टीचा हिशोब सांगितला. क्षणात सुबक प्रोग्राम दिला, आणि पैसे दशांशात ठेवले. चूक दिसली ती आधी एकदा हात पोळला होता म्हणून. शिवाय ज्या भाषांतला कोड जगात भरपूर आहे, त्यांत ते जास्त बरं लिहितं, म्हणजे पायथन आणि जावास्क्रिप्टचं पारडं आणखी जड होतंय.

१८. अशी वेळ येते का, की कोणतीच भाषा नको?

येते. प्रश्न १४ चा हिशोब मुळात शेजारच्या बागायतदारासाठी होता. मी पायथनमध्ये लिहिला, त्यांना दाखवला, त्यांनी कौतुक केलं. पुढच्या हंगामात बघतो तर त्यांची सून एक्सेलमध्ये पेट्या, डझन, भाडं, पट्टी असे चार रकाने आखून बसलेली, आणि सगळं बिनचूक. माझा प्रोग्राम त्यांच्याकडच्या पेनड्राइव्हमध्ये आहे. त्याच पेनड्राइव्हवर आता दशावताराची नाटकं भरलीत.